एक चल की दोन? तर्रीपोह्याच्या बिलावरून ठरवा

दहावीच्या शाब्दिक उदाहरणांत पोरं सोडवताना कमी आणि मांडताना जास्त अडकतात. म्हणून आधी हे ठरवायचं: एकच चल (माहीत नसलेल्या संख्येसाठी घेतलेलं अक्षर) घ्यायचा की दोन?

नागपुरात सीताबर्डीतल्या एका टपरीवर ३ प्लेट तर्रीपोहे आणि २ चहाचे ११० रुपये झाले, असं समजा. शेजारच्यांनी २ प्लेट आणि ५ चहा घेतले, त्यांचेही ११०. एका प्लेटची किंमत क्ष रुपये, एका चहाची य रुपये. ('क्ष = पोहे' असं लिहू नका. क्ष ही किंमत आहे, पोहे नव्हेत. निम्म्या चुका इथेच होतात.)

३क्ष + २य = ११०
२क्ष + ५य = ११०

वाक्य जसं आहे तसंच समीकरणात उतरलं. एकाच चलात करायला गेलात तर चहाची किंमत (११० − ३क्ष) ÷ २ लिहावी लागते आणि पहिल्याच ओळीत अपूर्णांक येतो. इथे दोनच चल बरे.

कळमन्याच्या बाजारातलं गणित मात्र वेगळं. संत्र्याच्या ४० पेट्या, काही १० किलोच्या, बाकी २० किलोच्या, एकूण वजन ५५० किलो. बेरीज दिलेलीच आहे, तर दुसरा चल कशाला? लहान पेट्या क्ष, मोठ्या ४० − क्ष.

१०क्ष + २०(४० − क्ष) = ५५०

लहान २५, मोठ्या १५. फक्त कंस सोडवताना वजाचं चिन्ह सांभाळा.

दोन चल घेतले की पुढचा प्रश्न: लोप पद्धत (समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवणं) की क्रेमर? क्रेमर हा स्विस गणिती, त्याचा नियम १७५० सालचा. पोह्यांच्या उदाहरणात निश्चयक (सहगुणकांच्या, म्हणजे चलांपुढच्या आकड्यांच्या, तिरप्या गुणाकारांतला फरक) ३×५ − २×२ = ११. आधी क्षच्या, मग यच्या सहगुणकांच्या जागी ११० घातले की बाकीचे दोन निश्चयक ३३० आणि ११०. त्यांना ११ ने भागलं की प्लेट ३० रुपये, चहा १०. सहगुणक वाकडेतिकडे असले की हाच मार्ग सरळ, पण निश्चयक शून्य आला तर भागाकारच करता येत नाही. लहान आकड्यांना मी लोपच सुचवतो.

तसं पाहिलं तर इथे दोन्ही बिलं सारखीच आहेत. वजा केलीत की क्ष = ३य, म्हणजे एक प्लेट तीन चहांच्या भावाची. मग पहिलं बिल ११ चहांचं झालं. तोंडी सुटलं! पेपरात मात्र दोन्ही समीकरणं लिहूनच वजा करा, मांडणीचेही गुण असतात.