संडे स्कूलसाठी काय निवडाल: बरणी, भिंत, मेथी की गोधडी?

यंदा संडे स्कूलचा, म्हणजे चर्चमध्ये रविवारी मुलांना बायबल शिकवण्याचा, वर्ग तुमच्याकडे आला असेल आणि चर्चच्या पाळकसाहेबांनी "मुलांना उपकारस्तुती (उपकार मानणं) आणि धीर या दोन विषयांवर हातानं काहीतरी करायला द्या" एवढंच सांगितलं असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. नागपुरातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बरीच वर्षं पाच ते तेरा वयाची मुलं सांभाळते आहे. खाली लिहिलेला प्रत्येक उपक्रम निदान एकदा तरी करून पाहिला आहे, काही फसलेही आहेत.

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. उपकार मानायला एका रविवारीही शिकवता येतं, फक्त मुलाच्या डोळ्यासमोर एक खरा माणूस हवा. धीराचं तसं नाही. त्याला आठवडे लागतात, आणि मोडेल, वाळेल किंवा उसवेल असं काहीतरी मुलाच्या हातात असावं लागतं. दोन्ही विषय एकाच सकाळी, एकाच चिकटकामात उरकायला गेलात तर मुलं घरी फक्त चकमक लावलेला कागद घेऊन जातात.

बरणी की दहा जणांची गोष्ट?

उपकाराची बरणी सगळ्यांना माहीत असते. लोणच्याची रिकामी बरणी, रंगीत कागदाचे तुकडे, दर रविवारी एकेक चिठ्ठी. खर्च जवळजवळ नाहीच, तयारीही नाही. पण तिसऱ्या रविवारपासून चिठ्ठ्यांवर एकच मजकूर येऊ लागतो: आई, बाबा, घर, जेवण. एका वर्षी नाताळाआधी बरणी उघडली तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या अशाच निघाल्या. मुलं खोटं लिहीत नव्हती, पण आठवूनही लिहीत नव्हती. मग मी नियम बदलला. चिठ्ठीत तीन गोष्टी हव्यातच: या आठवड्यात, कोणी, नेमकं काय केलं. पुढच्याच रविवारी दुसरीतल्या एका मुलीनं लिहिलं, "बुधवारी व्हॅनवाल्या काकांनी माझी चप्पल नालीतून काढून दिली." अशी एक चिठ्ठी आली की बरणी ठेवल्याचं सार्थक होतं.

त्यापेक्षा मला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातली, येशूनं बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट जास्त भावते. ती आधी सांगायची नाही. दहा मुलांच्या मनगटांना जुन्या धोतराच्या पट्ट्या सैलसर बांधायच्या, दाराशी एका मोठ्या मुलानं त्या सोडायच्या आणि बाहेर चिवडा आणि केळी ठेवायची. सगळे धावतात. पट्टी सोडणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही. खाऊन झालं की वर्गात बसवून उतारा वाचायचा. दहांपैकी एकच उपकार मानायला परत आला आणि तोही शोमरोनी, परका, हे ऐकताना वर्गात जी शांतता पसरते, ती मी कुठल्याही प्रवचनात अनुभवलेली नाही. त्यानंतर प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहायची आणि ती त्याच दिवशी त्या माणसाच्या हातात द्यायची: चर्चचा चौकीदार, झाडू मारणाऱ्या मावशी, ढोलकी वाजवणारे काका. सगळं मिळून पाऊण तास लागतो.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आपण विदर्भात राहतो. वरोऱ्याचं आनंदवन आपल्यापासून दूर नाही. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, तेव्हापासून हा आजार आणि ती माणसं आपल्या शेजारची आहेत. त्यामुळे लंगडणं, बोटं वाकडी करणं, "अशुद्ध, अशुद्ध" म्हणून पळणं, हे नाटकात अजिबात नको. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी कोणी त्यातून गेलेलं असू शकतं. हा आजार औषधानं पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ते औषध मोफत मिळतं, हेही त्याच वेळी सांगा.

तेव्हा उपकारस्तुतीसाठी एकच रविवार हाताशी असेल तर दहा जणांची गोष्ट. सगळं वर्ष मिळणार असेल तर बरणी, पण तीन गोष्टींचा नियम लावूनच.

यरीहोची फेरी की नहेम्याची भिंत?

धीरासाठी बहुतेक जण यरीहो घेतात, म्हणजे फेऱ्या मारून आणि आरोळी ठोकून ज्या शहराची भिंत पडली त्याची बायबलमधली गोष्ट, कारण ते एका सकाळी होतं. खोक्यांची भिंत रचायची, भोवती सात फेऱ्या मारायच्या, आरोळी ठोकायची, भिंत पाडायची. मुलांना मनापासून आवडतं. पण महिन्यानं विचारा, आरोळी तेवढी आठवते. पहिले सहा दिवस रोज एकेक फेरी मुकाट्यानं मारायची होती, हा भाग हवेत विरून जातो. सुट्टीतल्या बायबल शाळेच्या शेवटच्या दिवशी मजा म्हणून ठीक आहे.

अगदी लहानांसाठी, चार ते सहा वर्षांच्या, बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याच्या चाकराची गोष्ट त्याहून बरी. दुष्काळ, कर्मेल डोंगर, "जा, समुद्राकडे बघ" असं सात वेळा, आणि सातव्या खेपेला तळहाताएवढा ढग. मुलांना वर्गातून फाटकापर्यंत सात वेळा आभाळ बघायला पाठवायचं. जूनमध्ये, पावसाची वाट बघून जीव मेटाकुटीला आलेला असतो तेव्हा, ही गोष्ट नागपूरच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. शेवटी निळ्या रंगात हात बुडवून कागदावर ढग उमटवायचा.

आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी मात्र नहेम्या, ज्यानं यरुशलेमचा पडका कोट लोकांकडून पुन्हा बांधून घेतला. तो कोट ५२ दिवसांत पुरा झाला, आणि बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात किती तरी जण आपापल्या घरासमोरचा भाग डागडुजी करताना दिसतात. आम्ही तसंच केलं. प्रत्येक मुलाला भिंतीचा एक उभा पट्टा, त्यावर त्याचं नाव. रोज करायचं एकच काम त्यानं स्वतः ठरवायचं: पाढे, आजीचं पाणी भरणं, एक पान वाचन. काम झालं की वर्तमानपत्रात गुंडाळलेली काडेपेटी, म्हणजे एक वीट. रविवारी सात विटा आणून लावायच्या. बारा मुलं धरली तर ६२४ काडेपेट्या लागतात, म्हणून दोन महिने आधीपासून चहाच्या टपरीवर सांगून ठेवा.

पहिल्या वर्षी एका घरून पन्नासाव्या दिवशी सगळ्या विटा एकदम आल्या. सगळ्यांवर एकाच तारखेचं वर्तमानपत्र. मुलगी मान खाली घालून उभी होती. विटा आईनं केल्या होत्या, लेकराची लाज राखायला. मी काही बोलले नाही, पण पुढच्या वर्षापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या: विटेवर मुलानं स्वतःच्या अक्षरात काम लिहायचं, आणि चुकलेल्या दिवसाची जागा रिकामी ठेवायची. भिंतीला भोकं चालतील, हे पालकांच्या बैठकीतच सांगायचं. सहावीतल्या एका मुलाच्या पट्ट्यात नऊ भोकं राहिली. शेवटच्या रविवारी त्यानं आपल्या आजीला बोट लावून दाखवलं: हे तापाचे तीन दिवस, हे अमरावतीच्या लग्नाचे दोन, आणि हे चार असेच, आळसाचे. मग पुढच्या विटा दाखवल्या.

मेथी, संत्री आणि मे महिना

पेरणीचा उपक्रम ऋतू बघूनच घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कुंडीतलं रोप दोन दिवसांत करपतं आणि मुलाच्या मनात अपयश तेवढं राहतं. दिवाळीनंतर मेथी घ्या. आइस्क्रीमच्या डब्याला बुडाशी भोकं पाडा, माती भरा. तीन-चार दिवसांत कोंब, महिनाभरात भाजी. धीर शिकवायला मेथी फारच लवकर येते. उपकारस्तुतीला मात्र ती उत्तम. चर्चमधल्या हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे उपकार मानण्याच्या दिवशी, मुलांनी आपली जुडी अर्पणात आणावी, उपासनेनंतर तिचा लिलाव व्हावा आणि मंडळीतल्या कोणी तरी ती दोनशे रुपयांना घ्यावी. त्या वेळी त्या मुलाचा चेहरा बघा.

संत्र्याचं बी लावू नका. नागपूर म्हणून सगळ्यांना मोह होतो, पण बी उगवायला कित्येक आठवडे जातात, बरीच उगवतच नाहीत, आणि फळ दिसेपर्यंत मूल कॉलेजात जातं. त्याऐवजी मे महिन्यात पहाटे काटोलकडच्या एखाद्या बागेत घेऊन जा. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरण्यासाठी एप्रिल-मेमध्ये झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, झाड मेल्यासारखं दिसतं. पाऊस आला की त्याच झाडाला फुलं लागतात. आम्ही गेलो तेव्हा चौथीतल्या एका पोरानं आपल्या बाटलीतलं सगळं पाणी एका बुंध्याशी ओतलं. बागवाले काका जवळ येऊन म्हणाले, "मेलं नाही बेटा ते, ताणावर हाये." जुलैत त्यांनी पांढऱ्या फुलांचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवला. वर्गात तो दाखवला तेव्हा त्या पोरानं विचारलं, "मी पाणी घातलं तेच का?" बसचा खर्च आहे, आणि ऊन चढायच्या आत परत यायला हवं. पण जमत असेल तर सोडू नका.

गोधडी

वर्षभरात एकच मोठा उपक्रम करायचा असेल तर माझा कौल गोधडीला. दोन्ही विषय यात आपोआप येतात. ज्याचे उपकार मानावेसे वाटतात अशा माणसाच्या जुन्या कपड्यातून प्रत्येक मुलानं वीतभर चौकोनी दोन तुकडे आणायचे. बारा मुलांचे चोवीस तुकडे, चार रुंद आणि सहा लांब, म्हणजे तान्ह्या बाळापुरती गोधडी होते. आत जुनी मऊ सुती साडी, वरून धावदोरा. दर रविवारी अर्धा तास धरला तर दहा रविवार.

पहिले दोन रविवार नुसता गुंता होतो. दोरा सुटतो, बोटाला टोचतं, शिवलेलं उसवावं लागतं आणि कोणी तरी रडतं. त्या वेळी मंडळीतल्या आज्यांना बोलवा. त्यांच्या शेजारी बसलं की मुलं उठत नाहीत. "मुलग्यांना कशाला शिवण?" असं एखादा पालक विचारेल. आमच्याकडे सगळ्यात सरळ टाका एका मुलाचाच होता. त्यानं वारलेल्या आजोबांच्या शर्टाचा खिशासकटचा तुकडा आणला होता. खिसा जाड लागतो, सुई जात नाही, काढून टाकू, असं मी म्हटलं. तो ऐकेना. तीन रविवार त्या एका तुकड्यावर बसला, दोन सुया मोडल्या, पण खिसा राहिला. ती गोधडी चौकीदाराच्या नातीला दिली. बाळाची आई त्या खिशात बाळाचं टोपडं ठेवते.

नऊ वर्षांखालच्या मुलांना गोधडी देऊ नका, त्यांना एलीयाचा ढग आणि दहा जणांची गोष्ट पुरे. वर्गात सगळ्या वयाची मुलं एकत्र असतील तर मोठ्यांनी शिवावं, लहानांनी तुकडे रंगसंगतीनं मांडावेत. दहा रविवार सलग मिळत नसतील तर नहेम्याची भिंत घ्या, तिचं बरंचसं काम घरी होतं. गोधडीच घेणार असाल तर विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा जुलैच्या पहिल्या रविवारी सुरू करा म्हणजे दसऱ्याच्या आत संपते. मोठ्या नेढ्याच्या सुया आणा, आणि दर रविवारी मोजून द्या, मोजून परत घ्या. मुलं ज्या सतरंजीवर बसून शिवतात, संध्याकाळच्या उपासनेला त्याच सतरंजीवर माणसं बसतात.