मॉडेल इंजिनाच्या बॉयलरमध्ये ७९,८५० रुपये बुडाले, ऑर्डर देणार असाल तर आधी हे वाचा

घरच्या वर्कशॉपमध्ये वाफेची इंजिनं करणारे आपल्याकडे मोजकेच, त्यामुळे हे वाचून मी कोण ते बऱ्याच जणांना कळणारच आहे. कळू दे. लाज वाटतेय, पण बॉयलर करून देतो म्हणून ज्याने मला फसवलं त्याच माणसाला अजून लोक ॲडव्हान्स देतायत असं कानावर आलं आणि गप्प बसवेना.

मी टिच करतोय, साडेतीन इंच गेजचं (म्हणजे रुळांमधलं अंतर तेवढं) छोटं टँक इंजिन. फ्रेम, चाकं, सिलिंडर सगळं स्वतः लेथवर काढलं, फक्त बॉयलर बाहेरून घ्यायचं ठरवलं. लगेच कुणीतरी म्हणेल की तो पण स्वतःच करायचा ना. अहो मी फ्लॅटमध्ये राहतो. तांबं सगळी उष्णता खेचून घेतं, चांदीचा जोड (चांदीच्या मिश्रधातूची तार वितळवून केलेला) भरायचा तर अख्खा बॉयलर विटांच्या आडोशाला ठेवून मोठ्या प्रोपेन बर्नरने मंद लाल होईपर्यंत तापवावा लागतो, बाल्कनीत हे करायला कुठली सोसायटी देईल?

तर हा माणूस. दुसऱ्या राज्यातला, बोलायला गोड, कामाचे फोटो एक नंबर. सौदा ६८,००० ला ठरला. निम्मे म्हणजे ३४,००० आधी यूपीआयने. मग फोन, चांदीचा भाव चढलाय, ५५ टक्के चांदीवाली जोडायची रॉड महागली, ९,५०० जास्तीचे द्या. दिले, कारण भाव खरंच चढला होता, रोज पेपरात येत होतं. मग उरलेले ३४,००० आणि कुरिअरचे २,३५०. बिल मागितलं तर म्हणे मी हौस म्हणून करतो, उगाच जीएसटी कशाला भरताय. बिल नाही म्हटलं की तिथेच व्यवहार तोडा.

आता तो व्हिडिओ. माझ्या बॉयलरचं ब्रेझिंग, म्हणजे हेच चांदीचे जोड भरणं, चाललंय म्हणून पाठवला होता आणि नंतर मी तो इतक्यांदा बघितलाय की डोळे मिटले तरी दिसतो. हातात एवढासा टॉर्च, तांबं लाल होणं तर सोडाच, नीट काळवंडलेलंसुद्धा नाही, आणि तार टेकवल्याबरोबर पाण्यासारखी पसरते. चांदीचा जोड ६०० अंशांच्या वर गेल्याशिवाय वाहतच नाही! समोर दिसत होतं सगळं. पण व्हिडिओ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा, आणि लगेच पुढे प्रेशर गेज, काटा १६० पीएसआयवर (दाब मोजायचं एकक) ठाम. नजर गेजवरच जाणार ना, कुणाचीही गेली असती, कारण आपण सगळे हेच धरून चालतो की वर्किंग प्रेशर ८० असेल तर दुप्पट प्रेशरची पाण्याची टेस्ट पास झाली म्हणजे बॉयलर ओके. त्याला हे पक्कं माहीत होतं. थंड पाण्याच्या टेस्टमध्ये कथलाचा, म्हणजे साध्या सोल्डरचा जोडही टिकू शकतो. एकट्या थंड टेस्टवर विश्वास ठेवू नका.

बॉयलर आला तेव्हा सगळ्या जोडांवर काळा हीट पेंट. जोड रंगवून आलेला बॉयलर घेऊच नका, ॲसिडमधून काढलेलं उघडं तांबं मागा. स्मोकबॉक्सकडच्या (धुराड्याच्या बाजूच्या) ट्यूबप्लेटवर, म्हणजे नळ्या बसवलेल्या पत्र्यावर, पेंटचा एक पोपडा सुटला होता, तिथे चाकूने खरवडलं तर खालून करड्या रंगाची मऊ साल वळून वर आली. चांदीचा जोड पात्याला असा दाद देत नाही. ती साल साध्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर धरली, क्षणात तिचा गोळा झाला. तांबट आळीत ओळखीच्या कारागिराकडे नेला, त्यांनी हातात फिरवून एवढंच विचारलं, "यात वाफ भरणार होतात?" कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं, ८० पीएसआयची वाफच १६० च्या वर असते, आणि त्याच्या बऱ्याच आधी त्या जोडातली ताकद गेलेली असते. माझा नातू इंजिनाला नाक लावून उभा असतो हो. चांदीच्या नावाने ९,५०० उकळले आणि आत कथील घातलं.

त्याला फोटो पाठवले तर आधी म्हणे तुम्हीच जास्त तापवला असेल, मग ब्लॉक.

सायबरवाले म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग हा ऑनलाइन फ्रॉड नाही. चौकीत गेलो तर साहेबांनी बॉयलर टेबलावर उलटासुलटा करून विचारलं, खेळण्याला एवढे पैसे दिले? हे दिवाणी आहे, वकील बघा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, खोटं सांगून पैसे काढले हे दिवाणी कसं, तर म्हणे तुम्ही आम्हाला कायदा शिकवू नका. बॉयलर खात्याच्या ऑफिसात गेलो, वाटलं निदान जीवाला धोका म्हणून तरी कागदावर घेतील. तिथे उत्तर काय, २५ लिटरच्या आतला बॉयलर आमच्या कायद्यात येत नाही. नसेल येत, पण फुटल्यावर माणूस भाजतो की नाही? बँकेने सांगितलं पैसे तुम्हीच पाठवलेत. प्रत्येक जण दुसऱ्याच्या दारात पाठवतो, आणि यातल्या एकानेही हे सांगितलं नाही की जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. स्वतः शोधून काढलं.

तक्रार टाकली आहे. त्याच्याकडचे सगळे मेसेज, व्हिडिओ, यूपीआयच्या पावत्या जपून ठेवा, ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा. आणि ज्यांच्याकडे असा जोडांवर काळा रंग दिलेला बॉयलर आधीच आलाय त्यांनी कृपा करून वाफ धरू नका, खरवडून बघा आणि मला कळवा, दोन-तीन जणांच्या तक्रारी एकदम गेल्या तर चौकीत पुन्हा जाऊन बसायची माझी तयारी आहे.