'कल्पनेच्या संरक्षणा'साठी घालवलेले २४,८०० रुपये

लाज वाटते, तरी लिहितोय. 'तुमची कथा चोरीपासून वाचवतो' म्हणून फोन करून ज्यांनी मला फसवलं, तीच माणसं आता दुसऱ्या नवख्या पटकथाकारांना फोन करत असणार.

आधी ४,५०० गेले 'संकल्पना नोंदणी'चे. मग 'कॉपीराइट प्रमाणपत्रा'चे ११,८००, म्हणजे १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी. शेवटी ८,५००, कारण 'तुमच्या कथेवर हरकत आलीय, तीन दिवसांत उत्तर दिलं नाही तर हक्क जाईल.' साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो.

मी अडाणी नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय, ते मला ठाऊक होतं. पण यांचा धंदाच त्यावर चालतो: कायदा कल्पना वाचवत नाही ना, मग आम्ही वाचवतो! निर्मात्याला गोष्ट ऐकवून आलं की आठवडाभर झोप लागत नाही. नेमका तेव्हा असा फोन आला की कुणीही पैसे भरेल.

सगळ्यात जास्त चीड येते ती प्रमाणपत्राची. पैसे सोमवारी भरले, प्रमाणपत्र बुधवारी हजर. सोनेरी गोल शिक्का, कोपऱ्यात क्यूआर कोड. स्कॅन केला तर त्यांचीच वेबसाइट उघडली. तिथेच थांबायला हवं होतं. खऱ्या अर्जाला आधी फक्त डायरी क्रमांक, म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक, मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, त्यानंतर छाननी. दोन दिवसांत प्रमाणपत्र निघूच शकत नाही. पावतीवरचा जीएसटी क्रमांक ११ अंकी होता, तो १५ अक्षरी असतो. यूपीआयवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा बाईंचं होतं. हे सगळं दिसलं होतं, आणि तरीही पुढचे ८,५०० भरले.

शिवाय ११२ पानांची अख्खी पटकथा 'नोंदणीसाठी' मीच त्यांना पीडीएफ करून पाठवली. ज्या चोरीला घाबरत होतो, तिची सोय स्वतःच्या हाताने केली.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "कथा चोरली का?" नाही म्हटलं. "मग चोरीला काय गेलं?" पैसे. "ते तर तुम्हीच दिलेत." तिथून सायबर विभागात पाठवलं. तिथे म्हणाले, हा दिवाणी वाद आहे, वकील बघा. बँक म्हणाली, तक्रारीचा क्रमांक आणा. क्रमांक घेऊन गेलो तर साहेब रजेवर, आणि तोवर त्या खात्यात शिल्लक उरली नव्हती. चार चकरा झाल्या, प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगायचं, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर एकच भाव: एवढं शिकलेला माणूस फसलाच कसा? फसवणारा मोकळा आणि जाब मला! पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी पाच दिवस घालवले.

'कल्पनेची नोंदणी' हे शब्द ऐकले की फोन ठेवा. नोंदणी लिहिलेल्या मजकुराची होते. चार ओळींऐवजी सविस्तर कथा किंवा पूर्ण पटकथा नोंदवा. नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिल्याक्षणीच मिळतो; नोंदणीने पुरावा मिळतो. पटकथाकारांच्या संघटनेचं सभासदत्व घेऊन तिथेही नोंदवता येतं, त्यातून तारीख सिद्ध होते. गोष्ट ऐकवून आलात की त्याच दिवशी मेल टाका: आज अमुक वाजता ही कथा ऐकवली, ती गोपनीय आहे, टिपण सोबत जोडलंय. हा मेल लाखमोलाचा आहे, कारण विश्वासाने सांगितलेली संकल्पना परस्पर वापरणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली रोखलेलं आहे. आणि निर्मात्याशी करार करताना त्यात हक्कांची मुदत लिहून घ्या. लिहिली नाही तर हक्क ५ वर्षांसाठी दिले असं कायदा धरतो.

आता पूर्ण पटकथेचा अर्ज स्वतः भरलाय, ५०० रुपयांत. डायरी क्रमांक आलाय. आज ३० पैकी अकरावा दिवस आहे.