केबल, फ्री डिश की ॲप? आधी घरात कोण काय बघतं ते बघा

ओळखीत कुणाच्या घरी नवा स्मार्ट टीव्ही आला की आठ दिवसांत फोन येतो. "केबल काढून टाकू का ओ? सगळं ॲपवर दिसतंच की." प्रश्न रास्त आहे. एकाच मालिकेचे पैसे दोन ठिकाणी कशाला भरायचे? आमच्याकडे सोलापुरात पेठेतल्या घरी केबल आहे, मोहोळकडच्या शेतातल्या घरावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे आणि ॲप तर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेच, टीव्हीवरही आहे. त्यामुळे तिन्हींचं सुखदुःख थोडंफार माहीत आहे. नेटचा वेग किती लागतो, सेट-टॉप पेटीत काय काय असतं, ते दुकानदार सांगेल. मला बोलायचंय ते बघणाऱ्यांबद्दल, कारण निवड तिथेच चुकते.

सुरुवात मालिकावाल्यांपासून करू, घरात खरी सत्ता त्यांचीच.

आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. संध्याकाळी सातला मांडीवर सूप घेऊन टीव्हीसमोर बसतात. सुपात कातरलेली पानं आणि जर्दा, बोटात दोरा, नजर खाली. दहा वाजेपर्यंत चार मालिका होतात आणि सकाळी कारखान्यात द्यायच्या विड्यांचा ढीगही बराचसा होतो. त्या मालिका बघतात असं आपण म्हणतो, खरं तर त्या ऐकतात. ढोल वाजला, वीज कडाडली की तेवढ्यापुरती मान वर. कोण जिन्यावरून उतरलं ते बघून पुन्हा मान खाली. तरुण पोरं मालिकांना हसतात की एकच वाक्य तिघांच्या चेहऱ्यांवरून फिरवतात, जाहिरातीनंतर तेच पुन्हा दाखवतात. पण ज्याचे हात कामात आहेत त्याच्यासाठी ती संथ चालच सोयीची. दूध उतू जायला लागलं म्हणून उठून आलं तरी काही हुकत नाही. माझ्या मते रोजची मालिका हा निम्मा रेडिओच आहे आणि तो तसाच ऐकला जातो.

आता अशा माणसाच्या हातात ॲप द्या. जर्द्याच्या बोटांनी फोनला हात लावायचा नाही. टीव्हीवरचं ॲप उघडलं की आधी 'कोण बघतंय' म्हणून विचारणार, मग चित्रांच्या रांगा, त्यात आपली मालिका शोधा, मग कालचा भाग की आजचा ते ठरवा. अक्कांना इंग्रजी वाचता येत नाही, पण वाहिन्यांचे आकडे तोंडपाठ आहेत. तीन बटणं दाबली की मालिका सुरू. या एका बाबतीत केबल आणि डीटीएच, म्हणजे महिन्याला पैसे भरून घ्यायची खासगी छत्री, दोन्ही ॲपच्या पुढे आहेत, आणि मला वाटतं बराच काळ राहतील.

दुसरी गोष्ट भाषेची. ती पुण्या-मुंबईच्या लेखांत कधी येत नाही, सोलापुरात मात्र आधी तीच बघावी लागते. अक्का पद्मशाली, घरात तेलुगू. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू वहिनी अक्कलकोटकडच्या, त्यांना कन्नड वाहिन्या लागतात. आम्ही मराठी. शहराच्या पूर्व भागात हे अगदी रोजचं चित्र आहे. यातून मजाही होते. 'रंग माझा वेगळा' आमच्याकडे २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली, आणि आई त्यात पार गुंतली. अक्का पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "हे आम्ही बघून झालंय." कारण 'कार्तिक दीपम' स्टार माँ या तेलुगू वाहिनीवर २०१७ पासून चालूच होती. दोन्हींचं मूळ एकच, 'करुत्तमुत्तु' नावाची मल्याळम मालिका. नायिका इकडेही दीपा, तिकडेही दीपा. नायक दोन्हीकडे कार्तिक. मग रोज रात्री कट्ट्यावर आई आजचा भाग सांगायची आणि अक्का पुढचा. आईला त्याचा राग कधी आला नाही. "बघू की, आपल्यात तसंच करतात का," म्हणून उलट ती जास्तच लक्ष देऊन बघायची. बंगाली 'श्रीमोयी'वरून आलेल्या 'आई कुठे काय करते'च्या वेळी मात्र असं पुढचं सांगणारं बोळात कुणी नव्हतं, आणि ती चुकचुक आईच्या बोलण्यात येई.

तर अशा घराला पॅकेज कुठलं? डीटीएचची तयार पॅकेजं साधारणपणे राज्याचा नकाशा समोर ठेवून केलेली असतात. महाराष्ट्राचं घ्या, मराठी-हिंदी येतं. दक्षिणेचं घ्या, मराठी राहून जातं. सुट्या वाहिन्या जोडायची सोय आहे, २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने तो आपला हक्कच आहे. पण एकेक जोडत गेलं की बिल फुगतं. १९ रुपयांच्या वरची वाहिनी पॅकेजात घालता येत नाही, म्हणून लोकप्रिय वाहिन्या त्या आकड्याला किंवा त्याच्या आसपास येऊन बसल्यात. अशा चार-पाच घेतल्या, वर जीएसटी धरला, की हिशेब करून बघा. आमचा केबलवाला याच बोळात लहानाचा मोठा झालाय. त्याला कुणाच्या घरी काय लागतं ते माहीत आहे. मराठी, तेलुगू आणि थोडं कन्नड असं एकत्र पॅकेज तो न मागता देतो. सगळेच केबलवाले असे असतील असा माझा दावा नाही. जुळे सोलापूरकडे, शहराच्या नव्या भागात, वेगळा अनुभव येऊ शकतो.

ॲपवाल्यांचं म्हणणंही ऐकू या. मराठी मालिकांसाठी झी फाइव्ह, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह या तिघांत जवळपास सगळं येतं. तेलुगूसाठी यातली दोन कामाला येतात, पण जेमिनी किंवा ईटीव्हीची सवय असेल तर आणखी निराळी ॲप घ्यावी लागतात. म्हणजे एका म्हातारीसाठी चार ठिकाणी वर्गणी आणि चार ठिकाणी लॉगिन.

आणि लॉगिन म्हटलं की माझ्या डोक्यात जातं ते ओटीपी. माझ्यापुरता निकाल त्यानेच लावला.

घरातलं ॲप माझ्या नंबरावर घेतलेलं. एका वेळी अमुक इतक्याच पडद्यांवर चालेल अशी अट. पुण्यातल्या भाच्याला पासवर्ड दिलेला, त्याने मित्राच्या टीव्हीवर उघडलं की आमचा टीव्ही बाहेर. कधी कुणी काही न करताही बाहेर. मग पडद्यावर चौकोन येणार आणि चार की सहा आकडे मागणार. ते आकडे येणार माझ्या फोनवर, आणि मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, यंत्रमागांच्या खडखडाटात. बरोबर आठ-साडेआठला आईचा फोन: "अरे, ते आकडे आलेत का बघ की. सुरू व्हायलंय." मी बाहेर येऊन आकडे सांगायचे, तिने एकेक करून रिमोटने टाकायचे. रिमोटवर आकडे नाहीत, बाण आहेत. बाणाने एकेका आकड्यावर जायचं. तेवढ्यात मुदत संपते. "पुन्हा पाठवा" कुठे आहे ते तिला दिसत नाही. अक्का सूप घेऊन आमच्याकडेच येऊन बसलेल्या, त्या तेलुगूत काहीतरी पुटपुटतात ते मला फोनवर ऐकू येतं. शेवटी आई म्हणते, "राहू दे, तू काम कर." हे 'राहू दे' फार लागतं हो. ज्या बाईने घरातल्या सगळ्यांच्या वेळा सांभाळल्या, तिला स्वतःचा अर्धा तास बघायला मुलाची परवानगी लागावी, हे मला पटलं नाही. उपाय आहेत, मला माहीत आहे. नंबर तिचा द्या, पासवर्ड कुणाला देऊ नका. पण तिच्या साध्या फोनवरचा संदेश तिला वाचता यायला हवा, आणि भाच्याला नाही म्हणायचं कुणी?

डीटीएचचं थोडक्यात. चित्र स्वच्छ, तक्रार कमी. जोराच्या पावसात सिग्नल जातो हे खरं, पण सोलापुरात तसा पाऊस पडतोच किती!

फ्री डिशला लोक उगाच हलकं समजतात. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही प्रसार भारतीची सेवा, छत्री-पेटीचा एकदाचा खर्च, पुढे महिन्याला काही नाही. शेतातल्या घरी याच्याइतकं सोयीचं काही नाही. वडील तिथे असले की सह्याद्रीच्या बातम्या, कीर्तन, शेतीचे कार्यक्रम, दुपारी जुना सिनेमा. यात त्यांचा दिवस छान जातो. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून आहे आणि वडिलांची चव तिथेच घडलेली, त्यांना पुढच्या वाहिन्या कर्कश वाटतात.

क्रिकेटवाल्यांसाठी यात एक गंमत दडलेली आहे. २००७ च्या कायद्याने भारतीय संघाच्या महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. मात्र ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतं, केबल-डीटीएचवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. म्हणून फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला सामना दिसतो आणि त्याच वेळी केबलवर तीच वाहिनी लावली तर दुसरंच काहीतरी चालू असतं. आयपीएल यात येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. आयपीएल ॲपवर बघणार असाल तर चित्र काही सेकंद मागे असतं; शेजारच्या घरातली आरोळी आधी, तुमची विकेट नंतर.

फ्री डिशची खोट मात्र मोठी आहे. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या वाहिन्या तिथे नाहीत. ज्या खासगी वाहिन्या आहेत त्यांच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळे एप्रिल उजाडला की एखादी आवडती वाहिनी गायब झालेली असते. शेतावर महिनाभर राहायची वेळ आली तेव्हा आई चार दिवसांत परतली. कारण विचारलं तर म्हणाली, "घरी पाणी यायचा दिवस आहे." सोलापूरकराला हे कारण कधीही चालतं. खरं कारण साडेआठची मालिका होतं.

पोरांचं काय? त्यांना केबल, डीटीएच, फ्री डिश यातलं काहीच लागत नाही. 'हास्यजत्रे'तलं एखादं प्रहसन यूट्यूबवर जेवताना बघतात, आवडलं तर दोनदा, नाही तर पुढे. विनोदी कार्यक्रमाचा स्वभावच तसा आहे. दहा-बारा मिनिटांचा तुकडा, मागचा-पुढचा संबंध नाही, कधीही कुठूनही बघा. 'चला हवा येऊ द्या'सुद्धा त्यांनी तुकड्यांतच पाहिलं. या प्रेक्षकासाठी ॲपच बरं, आणि फक्त असेच लोक घरात असतील तर केबलचे पैसे वाया आहेत हे मी मोकळेपणाने सांगतो. मालिकेचं उलट आहे. तिला वेळ लागते. 'होम मिनिस्टर' २००४ ते २०२४ अशी वीस वर्षं चाललं. आमच्याकडे पैठणी कुणाला मिळाली हे कळेपर्यंत कणीक मळून व्हायची. तोच भाग ॲपवर दुपारी दोनला बघितला असता तर आईला बघितल्यासारखं वाटलंच नसतं. शिवाय काही ॲपवर जास्तीचे पैसे भरले की भाग टीव्हीच्या आधी येतो. मग बोळातल्या एखादीने सकाळीच बघून दुपारी सगळ्यांना सांगून टाकायचं, म्हणजे रात्रीच्या कट्ट्याची मजा गेली. अक्का पुढचं सांगायच्या ते वेगळं होतं, ते तेलुगूतलं होतं.

केबलचे दोष झाकून ठेवत नाही. संक्रांतीच्या सुमारास पतंग काढायला पोरं खांबांवर चढतात आणि तार तुटते. आपल्या घरी इन्व्हर्टर असला तरी केबलवाल्याकडची लाइट गेली की पडदा निळा. वाहिन्यांचे क्रमांक कधीमधी बदलतात, तेव्हा अक्कांची दोन दिवस चिडचिड. वाहिन्यांच्या किमतीशिवाय दर महिन्याला जे जुळणी शुल्क घेतात, त्यावरची कमाल मर्यादाही २०२४ मध्ये ट्रायने उठवली, तेव्हा बिलाकडे लक्ष ठेवलेलं बरं. पण त्याच संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा गावातली केबल वाहिनी थेट दाखवते. गर्दीत उभं राहायला पाय साथ देत नाहीत अशी म्हातारी माणसं हात जोडून टीव्हीसमोर बसतात. हे फोनवरही दिसतं म्हणा, पण हात जोडायला पडदा जरा मोठा लागतो.

तेव्हा दोघंच नोकरी करणारी माणसं, रात्री नऊला घरी येणारी, अशांनी केबल खुशाल काढावी. शेतावर, दुकानात, दुसऱ्या घरी फ्री डिश लावावी. पेटी घेताना एमपेग-फोर, म्हणजे नव्या पद्धतीची, मागून घ्या, जुन्या पेटीवर काही वाहिन्या येत नाहीत. आणि छत्रीचं तोंड आपल्याकडे आग्नेयेला करावं लागतं, त्या बाजूला शेजारी मजला चढवणार नाही ना ते आधी विचारून घ्या. घरात सात ते दहा टीव्हीसमोर बसणारं कुणी असेल तर मी केबल काढणार नाही. आमच्याकडे ती आहे, ॲपची वर्गणी यंदा मी पुढे भरली नाही, आणि भाचा अजून रुसलेला आहे.