खडूने घातलेले आकडे: स्टॉल आणि स्टेज बांधून घेतल्याचा अनुभव

आम्ही पितळी आणि पोलादी व्हॉल्व्ह बनवतो. कारखाना छोटा आहे. वर्षातून एकच मोठं औद्योगिक प्रदर्शन करतो, आणि यंदा त्याला जोडूनच वितरकांचा मेळावा ठेवला होता. दोन्हीची जबाबदारी माझ्याकडे. ६ बाय ६ मीटरचा, दोन बाजूंनी उघडा असा कोपऱ्यातला स्टॉल आणि मेळाव्याचं स्टेज नेपथ्यासकट, अशी दोन्ही कामं मी स्टॉल आणि स्टेज बांधणाऱ्या एका कंत्राटदार मंडळींना दिली; हा अनुभव त्यांच्याबद्दलचा. काम संपून महिना झाला, हिशेबही पूर्ण झालाय. आता शांतपणे लिहिते.

मागच्या वर्षी काम दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे होतं. त्याने दाखवलेलं थ्रीडी चित्र इतकं देखणं होतं की आमच्या ऑफिसात दहा मिनिटांत होकार गेला. प्रत्यक्षात प्रदर्शनाच्या आदल्या रात्री दोन वाजता आमच्या स्टॉलसमोर वाटेतच प्लाय कापणं चालू होतं. सकाळी दरवाजे उघडले तेव्हा भिंतींचा रंग ओला होता आणि वासाने पहिले दोन तास कुणी आत थांबलंच नाही. आमचा सगळ्यात महत्त्वाचा नमुना म्हणजे अर्धा कापून आतली रचना दाखवणारा मोठा गेट व्हॉल्व्ह. वजन ६२ किलो. तो ठेवलेल्या टेबलाचा माथा दुपारपर्यंत मध्ये दबला. शेवटी व्हॉल्व्ह खाली जमिनीवर ठेवला. लोक वाकून बघायचे आणि पुढे जायचे. ज्या वस्तूसाठी एवढा खर्च केला ती तीन दिवस पायाशी पडून होती, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

त्यामुळे यंदा पहिल्या बैठकीला मी जरा ताठच बसले होते. यांनी चित्र काढलंच नाही. आधी वही काढली आणि विचारायला लागले. सगळ्यात जड वस्तू किती किलोची? लोक हात लावणार ती कुठली? एका वेळी स्टॉलवर तुमची माणसं किती? त्यांच्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या, पत्रकांचे गठ्ठे कुठे जाणार? वजन विचारणारा माणूस मला या व्यवसायात पहिल्यांदा भेटला. ६२ किलो हा आकडा त्यांनी लिहून त्याभोवती गोल केला.

त्या आकड्यातून जो चौथरा तयार झाला तो मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. १८ मिलिमीटर प्लाय, आत फुलीसारख्या दोन उभ्या फळ्या, म्हणजे वजन माथ्यावरून थेट खाली उतरतं, कडांवर लोंबकळत नाही. खालून चार बोल्टांनी प्लॅटफॉर्मला पक्का. व्हॉल्व्हचं चाक उभ्या माणसाच्या कोपरापाशी यावं म्हणून चौथऱ्याची उंची बेतली होती. ती ठरवायला त्यांनी माझ्यासह ऑफिसातल्या तिघांना उभं करून, रिकाम्या खोक्यांची चळत लावून हात फिरवून बघायला लावलं. प्रदर्शनात लोक येऊन ते चाक फिरवायचे, आतलं गेट वरखाली होताना बघायचे आणि मग आपणहून बोलायला लागायचे. आमच्या विक्रीच्या मुलांना एकालाही हाक मारून बोलवावं लागलं नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रदर्शनाच्या चार दिवस आधी त्यांनी आम्हाला त्यांच्या वर्कशॉपमध्ये बोलावलं. तिथे अख्खा स्टॉल उभा होता. नाटकाची रंगीत तालीम असते तशी ही स्टॉलची तालीम. मी बरीच वर्षं हौशी नाटकांना बॅकस्टेज केलंय, त्यामुळे सेट दिसला की पाय आपोआप मागच्या बाजूला वळतात. पुढून सगळेच चांगलं करतात, खरं काम मागे कळतं. मागे प्रत्येक फ्लॅटवर, म्हणजे भिंतीच्या सुट्या तुकड्यावर, खडूने आकडा घातलेला, वरच्या दिशेला बाण, आणि दोन फ्लॅट जिथे जुळतात तिथे दोन्हीकडे सारखीच खूण. जोड खिळ्यांचे नव्हते, सुट्या पिनेच्या बिजागऱ्यांचे होते. पिन ओढली की फ्लॅट वेगळे, घातली की जोड घट्ट. हे आम्ही नाटकात दौऱ्यावर करायचो, कारण एका रात्रीत सेट उतरवून दुसऱ्या गावी लावायचा असायचा. प्रत्येक भिंतीचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवरही तोच आकडा. मी तिथेच ठरवलं की यांची चिंता आता करायची नाही.

त्या तालमीत एक चूक सापडलीही. सामानाच्या खोलीचं दार बाहेर उघडत होतं आणि उघडलं की बैठकीच्या टेबलाच्या खुर्चीवर आपटत होतं. नकाशावर ती मला दिसली नव्हती, त्यांनाही नाही. सुतारमिस्त्रींनी तिथल्या तिथे बिजागऱ्या काढून दार आत उघडणारं केलं. चहा पिऊन होईस्तोवर काम झालं. हीच गोष्ट हॉलमध्ये लक्षात आली असती तर शेवटच्या तासात सगळ्यांची धावपळ झाली असती.

सुटे भाग आधी कारखान्यात बनवायचे आणि जागेवर फक्त जुळवायचे, ही पद्धत प्रदर्शनांच्या जगात जुनीच आहे. लंडनला हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनाचं क्रिस्टल पॅलेस जोसेफ पॅक्स्टनने असंच उभं केलं. लोखंडाचे आणि काचेचे सारख्या मापाचे भाग तयार होऊन यायचे आणि तिथे जोडले जायचे. म्हणूनच प्रदर्शन संपल्यावर ती इमारत उतरवून सिडनहॅमला पुन्हा उभारता आली, १८५४ मध्ये तिथे ती लोकांसाठी खुली झाली. इतकी मोठी वास्तू हलवता येते तर ३६ चौरस मीटरचा स्टॉल जागेवर कापत का बसावं, हा प्रश्न मी मागच्या वर्षीच विचारायला हवा होता.

हॉलचा ताबा मिळाल्यावर कामाचा क्रम बघण्यासारखा होता. आधी दोरीने जमिनीवर आखणी, मग तारा, मग १० सेंटीमीटरचा प्लॅटफॉर्म, त्यावर भिंती, दिवे, आणि कार्पेट सगळ्यात शेवटी. तारा प्लॅटफॉर्मखालून गेल्यामुळे वाटेत एकही वायर नाही. स्टॉलच्या वीज जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लावला होता आणि तो बटण दाबून माझ्यासमोर तपासून दाखवला. कापडाच्या आगरोधक प्रमाणपत्राची प्रत फाइलमध्ये तयार होती. आयोजकांचा माणूस आला, त्याने मागितली, यांनी दिली, तो पुढे गेला. शेजारच्या स्टॉलवाल्यांचा त्यात अर्धा दिवस गेला.

एका मुद्द्यावर आमचं वाजलं. प्लॅटफॉर्म आहे म्हणजे उतार हवा, असं त्यांचं म्हणणं. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हे प्रमाण धरलं तर १० सेंटीमीटर चढायला १ मीटर २० सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो, आणि तो वाटेत बाहेर काढता येत नाही, आपल्याच जागेतून द्यावा लागतो. आमच्या साहेबांना ती जागा वाया गेल्यासारखी वाटत होती. हे लोक हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून आलेले एक गृहस्थ सरळ आत आले, २० मिनिटं बसून बोलले. साहेब त्यांना सोडायला उतारापर्यंत गेले. नंतर त्या जागेबद्दल कुणी बोललं नाही.

दिव्यांबद्दल मला दोन वाक्यांपेक्षा जास्त लिहायचंय, कारण पितळ बनवणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत असेल. स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली पितळ हिरवट आणि मेल्यासारखं दिसतं. आमचे व्हॉल्व्ह मागच्या वर्षी अगदी जुनाट दिसत होते. यांनी आमच्याकडून एक नमुना मागवून घेतला आणि तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली ठेवून दाखवला. ६५०० केल्विनखाली (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) निळसर, ३००० खाली पितळ सुरेख पण बाजूचं पोलाद पिवळं. शेवटी ४००० केल्विनचे, रंग नीट दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचे दिवे ठरले. कापलेल्या व्हॉल्व्हवर एकच बारीक झोताचा दिवा, समोरून न टाकता बाजूने, म्हणजे आट्यांची सावली पडून खोली दिसते. माझ्या हातात तो व्हॉल्व्ह दहा वर्षं आहे. त्याच्या आट्या इतक्या स्पष्ट मी कधी बघितल्या नव्हत्या.

मजकुराच्या बाबतीतही त्यांनी कात्री लावली. मी एका भिंतीसाठी दोनशे शब्द लिहिले होते. त्यांचा हिशेब साधा होता: तीन मीटरवरून वाचायचं अक्षर निदान २५ मिलिमीटर उंच हवं, पंधरा मीटरवरून वाचायचं सव्वाशे. त्या मापात माझे दोनशे शब्द भिंतीवर मावेनात. तीन ओळी राहिल्या. बाकीचं पत्रकात गेलं, तिथेच ते शोभत होतं.

आता स्टेज. २४ बाय १६ फुटांचं, ८ बाय ४ च्या बारा लेव्हल, म्हणजे सुटे लाकडी चौथरे, जोडून, ६० सेंटीमीटर उंच. मागे हलकी गोलाई असलेली भिंत आणि मधोमध एलईडी वॉल. लेव्हल जोडून झाल्यावर मी बूट घालून चालून बघितलं तर ढोलासारखा आवाज. नाटकवाल्यांच्या कानाला हे लगेच टोचतं, कारण बोलणाऱ्याच्या आवाजावर पावलांचा आवाज चढतो. मिस्त्रींना म्हटलं, "दादा, हे पोकळ वाजतंय." ते म्हणाले, "ताई, फेल्ट यायचंय अजून, त्याच्यावर कार्पेट. तासाभराने परत चालून बघा." तासाभराने आवाज गेला होता. पायऱ्या सगळ्या सारख्या २० सेंटीमीटरच्या आणि कडांना पांढरी पट्टी. अंधारात चढणाऱ्या माणसाचा पाय पहिल्या पायरीचं माप लक्षात ठेवतो आणि पुढची वेगळी निघाली की अडखळतो, म्हणून हे मी मुद्दाम टेप लावून मोजलं.

त्यांचा एक तरुण मुलगा प्रेक्षागृहातल्या चारही टोकांच्या खुर्च्यांवर जाऊन बसला आणि तिथून विंगेतलं काय दिसतं ते ओरडून सांगत होता. डावीकडच्या शेवटच्या खुर्चीवरून मागची ट्रस, म्हणजे धातूचा सांगाडा, आणि लोंबणाऱ्या केबल दिसत होत्या. लगेच तिथे काळ्या कापडाचा आणखी एक पडदा आला. मला आमच्या नाटकाच्या दिवसांची आठवण झाली आणि फार बरं वाटलं.

तक्रार आहे ती एलईडी वॉलची, आणि ती लहान नाही. वॉल ४ बाय अडीच मीटरची होती, ३.९ मिलिमीटर पिचची, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये तितकं अंतर. ठोकळ नियम असा की पिच जितके मिलिमीटर, साधारण तितके मीटर तरी लांब बसावं. आमची पहिली रांग तीन मीटरवर होती. तिथून अक्षरांचे ठिपके दिसत होते. त्याहून वाईट म्हणजे त्या वॉलचं खरं माप १०२४ बाय ६४० पिक्सेल आहे हे आम्हाला आदल्या संध्याकाळी कळलं. आमचं सादरीकरण १९२० बाय १०८० मध्ये केलेलं. ते तिथे लावलं तर वरखाली काळ्या पट्ट्या आल्या आणि तक्त्यांमधली बारीक अक्षरं तुटली. आमच्या डिझाइनच्या मुलीने रात्री जागून चाळीस स्लाइड नव्या मापात बसवल्या. जी माणसं लाकडाच्या कामात एकेका मिलिमीटरचा विचार करतात त्यांनी पडद्याचं माप पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. वॉल ते बाहेरून भाड्याने आणतात आणि तिथे त्यांचं लक्ष कमी पडतं, असं माझं मत आहे. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी सबब सांगितली नाही, वॉलच्या भाड्यातला काही भाग बिलातून कमी केला. तरी त्या मुलीची रात्र गेली ती गेलीच.

वक्त्यांवरचा प्रकाश मात्र नीट होता. समोरचे दिवे उंचावरून तिरके, त्यामुळे वॉलवर सांडले नाहीत, आणि मागून एक झोत खांद्यांवर, म्हणून माणूस उजळ पडद्यात बुडाला नाही.

बिल दिलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणे आलं. हॉलचे वीज आणि इतर आकार त्यांनी सुरुवातीलाच वेगळे दाखवले होते.

प्रदर्शन संपलं त्या रात्री मी मुद्दाम थांबले. आजूबाजूला पहारींनी भिंती फोडणं चालू होतं, प्लायचे तुकडे आणि एमडीएफचा भुगा वाटेत पसरला होता. आमच्या स्टॉलवर मिस्त्री पिना ओढत होते, पिशव्या भरत होते. ताणून बसवलेली छापील कापडं कडेच्या सिलिकॉनच्या पट्टीतून सोडवून गुंडाळली. अडीच तासांत जागा रिकामी. वाया गेलं ते जवळजवळ फक्त कार्पेट. दोन दिवसांनी यादी आली: कुठल्या आकड्याचा फ्लॅट कुठे ठेवलाय, कुठला पुन्हा रंगवावा लागेल, कुठल्याचा कोपरा दबलाय.

पाचपैकी चार देते. एक वॉलसाठी कापलाय. पुढच्या प्रदर्शनात आमची जागा ६ बाय ३ मीटर असेल आणि काम यांनाच दिलंय. जुन्यातल्या एकवीस फ्लॅटपैकी बारा त्यात बसतात, चौथरा तोच. परवाच्या बैठकीत त्यांनी वही उघडली तेव्हा वजनाच्या आधी मी पडद्याचं माप लिहायला लावलं.