इंग्रजीच्या तासाला एआय: जूनपासून वापरतेय, तो अनुभव

चोपडा तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. एआय चॅटबॉट, तोही मोफतवाला, जूनपासून वापरतेय. माझं मत असं झालंय की त्याचा खरा उपयोग वर्गात कमी आणि आदल्या रात्रीच्या तयारीत जास्त.

माझ्याकडे कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी पावरी. एकाच बाकावर धडाधड वाचणारी मुलगी आणि अक्षरं जुळवत वाचणारा मुलगा. दोघांना एकच उतारा कसा पुरणार? नुसतं ‘सोपं कर’ म्हटलं तर चॅटबॉट फक्त शब्द बदलतो, वाक्यं लांबच ठेवतो. भाषा किती येते हे मोजायच्या युरोपीय चौकटीतल्या ए१ (अगदी सुरुवात) ते सी२ (सर्वांत वरची) या सहा पातळ्या मात्र त्याला कळतात. ‘ए२ पातळी, १२० शब्द, साधा भूतकाळ, वाक्यं छोटी’ असं सांगितलं की कामाचा उतारा येतो. तोच एक पायरी वरच्या बी१ मध्येही मागते आणि खाली प्रश्न सारखेच ठेवते, म्हणजे चर्चा सगळ्यांची एकत्र होते. हे हाताने करायला माझा रविवार जायचा.

एकदा केळीच्या बागेवर उतारा मागितला. त्यात शेतकरी झाडावर चढून केळी तोडतो! मी मुद्दाम तसाच वर्गात नेला. मागून लगेच आवाज, “नो मॅडम, वी डोन्ट क्लाइंब, वी कट!” मग घड कसा कापतात, खांद्यावर कसा नेतात, ट्रकमध्ये कसा रचतात, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत पोरांनीच सांगितलं. वर्षभरातला सर्वांत चांगला तास तो.

निबंध तपासायला मात्र अजिबात देऊ नका. तोच निबंध पुन्हा दिला की गुण बदलतात. शिवाय दुरुस्तीच्या नावाखाली पोराचं वाक्यच पुसून गुळगुळीत इंग्रजी लिहून देतो. ‘फक्त क्रियापदाच्या चुका दाखव, वाक्य बदलू नकोस’ असं बजावलं तर बरं काम करतो. उच्चारांसाठीही भरवसा नाही. मूल चुकीचं बोललं तरी संदर्भावरून अंदाज बांधून बरोबर शब्द उमटवतो, चूक झाकली जाते.

आकडे आणि सनावळ्या छापण्याआधी स्वतः ताडून घ्या, तो पुढचा शब्द अंदाजाने जुळवतो, चुकला तरी तितक्याच ठामपणे सांगतो. मुलांची नावं त्यात कधीही टाकू नका. वर्गात रेंजचा भरवसा नाही, म्हणून मी सगळं कागदावरच नेते. नववीचे तपासलेले उतारे तयार आहेत, हवे असतील त्या शिक्षकांनी खाली सांगा, पाठवते.