जेस्टोरवर वॉल्ट्झ वाचताना

आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ शिकवताना बारा वर्षं मी त्याच चार ओळी सांगत आले. जगावर कुणाचं सरकार नाही, म्हणून प्रत्येक राष्ट्राला आपलं आपण सांभाळावं लागतं, त्यातून सत्तासंतुलन घडतं, आणि या विचाराला नववास्तववाद म्हणतात. गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने तास संपता संपता विचारलं, "मॅडम, हे त्यांना सुचलं कसं? त्याआधी ते काय लिहीत होते?" मला सांगता आलं नाही. त्याच रात्री जेस्टोरवर खातं उघडलं. हा अभिप्राय त्यानंतरच्या दीड महिन्याच्या वापराचा आहे.

जेस्टोर म्हणजे जुन्या-नव्या संशोधन नियतकालिकांचं मोठं ऑनलाइन भांडार. ग्रंथालयांच्या कपाटांत जुन्या अंकांना जागा पुरेना, म्हणून १९९५ मध्ये ते सुरू झालं. कल्पना मेलन फाउंडेशनचे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम बोवेन यांची. तुमच्या संस्थेची वर्गणी नसली तरी स्वतःच्या नावाने खातं काढता येतं आणि महिन्याला १०० लेख पडद्यावर मोफत वाचता येतात. या मोफत खात्यावरून सगळेच लेख उतरवून घेता येत नाहीत. त्यामुळे मी शेजारी वही ठेवते. बऱ्याच नियतकालिकांचे अगदी ताजे अंक इथे नसतात, तीन ते पाच वर्षं मागचे असतात. माझ्या कामाला त्याने काही फरक पडला नाही, पण चालू घडामोडींवर लिहिणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

शोधताना एक गोष्ट जरूर करा. नुसतं आडनाव टाकलं की ज्या ज्या लेखात त्या माणसाचा उल्लेख आहे ते सगळे समोर येतात, आणि वॉल्ट्झ यांचा उल्लेख या विषयात कुठे नाही? प्रगत शोधात जाऊन लेखकाच्या रकान्यात नाव लिहा आणि निकाल जुन्याकडून नव्याकडे लावा. ही क्रमवारीच मला या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

कारण क्रमाने वाचायला लागले आणि माणूस दिसायला लागला. इथे मूळ अंकाचं पानच दिसतं, तीच अक्षरं, तळटीपा, लेखकाच्या नावाखाली छापलेली संस्था. १९६२ चा, जर्मन तत्त्वज्ञ कांटवरचा लेख उघडला तर नावाखाली स्वार्थमोर कॉलेज. १९९० च्या अण्वस्त्रांवरच्या लेखाखाली बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. २००० च्या लेखापर्यंत ते बर्कलीचे माजी प्राध्यापक झालेले आणि पुन्हा कोलंबियात शिकवणारे. कोलंबियातच त्यांनी १९५४ मध्ये पीएचडी केली होती. अख्खी कारकीर्द या नावाखालच्या ओळींतून वाचता येते.

कांटवरच्या लेखापाशी मी बराच वेळ थांबले. अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यूमधला हा लेख मी आधी कधी पाहिलाही नव्हता. कांट म्हणजे शांततेचं स्वप्न पाहणारा भाबडा उदारमतवादी, अशी जी प्रतिमा असते ती वॉल्ट्झ इथे खोडून काढतात. राष्ट्राराष्ट्रांत कायदा राबवणारं कुणी नाही हे कांटला पुरतं ठाऊक होतं, आणि एकच जागतिक सत्ता आली तर ती जुलमी होईल ही भीतीही त्याला होती, हे ते दाखवतात. आमच्या चार ओळींतली पहिली ओळ इथे, एका तत्त्वज्ञाच्या वाचनात, आकार घेताना दिसते. वॉल्ट्झ आधी अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते आणि मग राजकीय विचारांकडे वळले, हे कळल्यावर १९७९ च्या त्यांच्या नववास्तववादी सिद्धान्ताचाही उलगडा होतो. बाजारात कंपन्या जशा एकमेकींच्या दबावाखाली वागतात तशी राष्ट्रं वागतात, ही त्यातली मांडणी थेट अर्थशास्त्रातून आलेली आहे. मी ती नेहमी ओझरती सांगून पुढे जायचे. आता तास तिथूनच सुरू करते.

१९६४ मध्ये डीडॅलस या नियतकालिकात त्यांनी दोन महासत्तांचं जग जास्त स्थिर असतं असं मांडलं. शीतयुद्ध संपल्यावर, १९९३ मध्ये, इंटरनॅशनल सिक्युरिटीत त्यांनी जर्मनी आणि जपान महासत्ता होतील, नाटोचीही फार वर्षं उरलेली नाहीत, असं भाकीत केलं. सात वर्षांनी त्याच नियतकालिकात ते नाटोकडे परत येतात. नाटो टिकली होती, वाढतही होती. हे दोन लेख मी एकाच संध्याकाळी लागोपाठ वाचले. वॉल्ट्झ विषय टाळत नाहीत. एकदा उभ्या राहिलेल्या संस्था सहजी मोडत नाहीत आणि युरोपच्या धोरणावर पकड ठेवायला अमेरिकेला नाटो हवी आहे, असं ते म्हणतात. विस्तारामुळे बाहेर राहिलेले दुखावतील आणि रशिया चीनकडे ढकलला जाईल, असा इशाराही देतात. सिद्धान्त वाचवण्यासाठी त्यांनी इथे थोडी ओढाताण केली आहे असं मला वाटतं, पण इशारा वाचताना अंगावर काटा आला.

टीकाकारही शेजारच्याच फडताळात आहेत, हे फार सोयीचं. जॉन रगी यांचा १९८३ चा लेख, रिचर्ड अ‍ॅशले यांचा १९८४ चा, अलेक्झांडर वेंट यांचा १९९२ चा. मध्ययुगातून आधुनिक राज्यव्यवस्थेकडे झालेला बदल या सिद्धान्ताने कळत नाही, हा रगींचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. वॉल्ट्झ वाचून झाल्यावर लगेच तो वाचा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका.

फोनवर मात्र हे वाचन करू नये. जुन्या पानांची अक्षरं बारीक, तळटीपा त्याहून बारीक. मोठा पडदा हवाच.

यादीत शेवटाकडे मला २०१२ चा फॉरेन अफेअर्समधला लेख भेटला. इराणकडे अण्वस्त्र आलं तर पश्चिम आशिया जास्त स्थिर होईल, असं सांगणारा. तेव्हा ते ८८ वर्षांचे होते, पुढच्या मे महिन्यात वारले. मला हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. पण १९६४ पासून वाचत आल्यामुळे तो आला कुठून ते कळतं, आणि वर्गात त्यावर नीट वाद घालता येतो. परवा तसाच वाद झाला, तास संपल्यावरही मुलं बसून होती.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीलाही मी खातं काढून दिलं. तिने ब्रिटिश अभ्यासक सुसान स्ट्रेंज निवडल्या आहेत. त्याही अर्थशास्त्रातून आलेल्या, काही काळ पत्रकार होत्या. अर्थकारणाचे आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक एकमेकांकडे पाहतच नाहीत, ही त्यांची १९७० ची तक्रार तिने पहिल्याच दिवशी शोधून काढली.